केवळबाईचं पाणी

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि तो आता नाही. पोरांना ठाऊक नाही, सुनांना तर नाहीच. देवापुढे हात जोडताना कितीतरी वेळा जिभेवर आलं — तिथंही मी गिळलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. ओळखीच्या माणसापुढे तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी गल्लीला कळतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिता येतं, पण सजवून लिहिता येत नाही. आणि हे काही सजवण्यासारखं नाही.

जळगावात मेहरूणकडे माझ्या नावावर एक प्लॉट होता. त्र्याऐंशीच्या आसपास घेतला. वडील गेल्यावर सावद्याची केळीची जमीन भावांनी विकली, त्यात माझा वाटा मी भांडून घेतला. भाऊ म्हणाले, सोनं कर. मी जमीन घेतली. तेव्हा तिकडे नुसती काटेरी बाभळ. रस्ता नाही, लाईट नाही. माझी नणंद बघायला आली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "वहिनी, इथं काय कोल्ह्यांना भाड्यानं ठेवणार का?" ती हसली, माझा नवराही हसला. मी तेव्हाच ठरवलं की इथं खोल्या बांधीन, आणि बाई, तुझ्या जावयालाही भाड्यानं देणार नाही. पुढे तिचा जावई खरंच खोली मागायला आला. मी दिली नाही.

आता तुम्हाला वाटेल, म्हातारी भाडेकरूंना कशी छळत होती ते सांगणार. छळलं. आठ बिऱ्हाडांत संडास दोन ठेवले. कोणाकडे पाहुणा तिसऱ्या दिवशी दिसला की दारात जाऊन विचारायची, हा कधी जाणार? भिंतीला खिळा ठोकलेला मला चालत नसे. बाया मला पाठीमागे काय म्हणत ते मला माहीत आहे — एकीनं तोंडावरही म्हटलं. त्याची मला लाज नाही. ज्याला राहायचं तो राहिला. खोल्या कधी रिकाम्या पडल्या नाहीत.

मग लाज कशाची? थांबा. मलाही इथवर यायला तीस वर्षं लागली आहेत.

मोकळा प्लॉट मोकळा ठेवता येत नाही. आज कोणी काट्या टाकतो, उद्या तार, परवा म्हणतो माझाच. म्हणून आम्ही तिथं एक जोडपं बसवलं. झिपरू आणि केवळबाई. साक्रीकडचे, अहिराणी बोलणारे. पत्र्याची झोपडी त्यांना उभी करून दिली, राहायला भाडं नाही, आणि राखण करायची. झिपरू केळीच्या वॅगन भरायला जायचा, आठ-आठ दिवस येत नसे. प्लॉट खरा राखला तो केवळबाईनं. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल. अंगानं वाळकी, बोलणं कमी. लेकरू नव्हतं तिला. सहा वर्षं राहिली ती तिथं. पत्र्यावर गिलक्याचा वेल चढवला, दोन शेळ्या ठेवल्या. आम्ही गेलो की माझ्या नवऱ्याला टोपलीभर गिलकी द्यायची. तो खूश. म्हणायचा, "खोल्या झाल्या की जिन्याखालची खोली यांना देऊ. कायमची. राखणीला घरचं माणूस राहील." त्यानं तसा शब्द दिला त्यांना, माझ्यासमोर. केवळबाई त्या न बांधलेल्या खोलीच्या जागेवर रोज शेण-सडा टाकायची. जमिनीवर नुसती चुन्याची रेघ मारलेली, आणि ही तिथं सडा टाकते.

ते मला खुपायचं.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले असाल तर तुम्हाला कळेल. माझ्या वडिलांचा एक मळा कुळाकडे होता. कसायला दिला, आणि कायदा आला, आणि तो त्याचाच झाला. वडील शेवटपर्यंत त्या बांधावरून गेले नाहीत, लांबून फेरा घालायचे. आमच्या घरात मुलींना एकच गोष्ट शिकवली — ज्याला पाय ठेवू दिला तो उठत नाही. मग एके दिवशी केवळबाईनं मला तिचं नवं रेशनकार्ड दाखवलं. कौतुकानं दाखवलं, तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. पत्त्यात माझ्या प्लॉटचा नंबर होता.

"छान," म्हटलं. आणि त्या दिवसापासून या दोघांना उठवायचं कसं, एवढंच माझ्या डोक्यात. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तू वेडी आहेस. तो तसाच. कचेरीत कारकून असून त्याला माणसांचा संशय येत नसे. त्यांना उठवायला मला काहीतरी कारण हवं होतं, आणि केवळबाई कारण देत नव्हती. इतकी वर्षं एक काडी चोरीला गेली नाही.

एकोणनव्वद साली बांधकाम काढलं. आठ खोल्या, वर स्लॅब, पुढे मजला चढवायचा म्हणून बाजूनं जिना, तो मागाहून बांधायचा. रशीद मिस्तरी म्हणून एक जुना माणूस होता, त्याला काम दिलं. स्लॅब टाकला तो एप्रिलच्या शेवटी. त्या दिवशी मी पन्नास माणसांना वरण-बट्टी घातली. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल. दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. मिस्तरीनं स्लॅबवर शेतात बांधतात तसे सिमेंटचे छोटे वाफे बांधले, त्यांत पाणी भरलं, आणि मला सगळ्यांदेखत बजावलं, "अक्का, तीन हफ्ते ये सूखना नहीं चाहिए. दिन में दो बार पानी. एक दिन भी सूखा ना, तो समझो पापड़ हो गया."

पाणी मारायचं काम केवळबाईचं. लाईट असली की मोटर लावायची, नळी वर न्यायची. नसली की हौदातून हंडा भरून बांबूच्या शिडीनं वर. मी पाहिलं आहे तिला — डोक्यावर हंडा, एक हात शिडीला, पायात काही नाही. स्लॅबवर पाय भाजतात म्हणून आधी पाणी फेकायची आणि मग त्यावर पाय टाकायची. दहा-अकरा दिवस तिनं वाफे कोरडे पडू दिले नाहीत.

मग आखाजी आली.

बाहेरच्या लोकांना अक्षय तृतीया म्हणजे सोनं घेण्याचा दिवस. आमच्या खान्देशात दिवाळीला कोणी नाही आलं तरी चालतं, आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. मजूर गावाला जातात, कामं बंद पडतात, पुरुष झाडाखाली पत्ते कुटतात, पोरी झोक्यावर. आणि ज्यांच्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल, त्यांना त्या दिवशी मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरावी लागते. त्या साली केवळबाईचा बाप वारला होता. भाऊ नव्हता तिला. घागर तिनंच भरायची.

ती दोन दिवस आधी माझ्या घरी आली. आत आली नाही, ओट्याखाली उभी राहिली. "अक्का, बापनी पहिली घागर शे. गावले जाई येसू. तीन दिन. पन पानी कोन मारी?"

मी म्हटलं, "जा. पाणी मी मारते."

ती हसली. मला तिचं हसणं फार वेळा दिसलेलं नाही, म्हणून लक्षात आहे. "तुम्ही? शिडीवर? पडशात, अक्का."

"तुझ्या आधीपासून मी केळीच्या बागांना पाणी भरलंय. जा मुकाट्यानं."

ती गेली. झिपरू वॅगनवरून परस्पर गावाला जाणार होता. रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं, "सणात स्लॅबच्या पाण्याचं काय?" मी म्हटलं, "केवळबाई आहे ना."

हे नीट ऐका. मी विसरले नाही. लेकी आल्या होत्या, पुरणाचा घाट होता, उन्हानं डोकं दुखत होतं — यातलं कोणतंही कारण मी देऊ शकते, आणि तुम्ही मानालही. पण "केवळबाई आहे ना" हे मी आखाजीच्या आधीच म्हटलं होतं. ती गावाला जाणार हे मला माहीत होतं, आणि ती इथंच आहे असं मी घरात सांगितलं. मग विसरण्याचं नाव कशाला?

आखाजीच्या सकाळी मी प्लॉटवर गेलेही. पूजेची तयारी करून, लेकींना "आलेच" म्हणून गेले. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. शिडी चढले — पडले नाही. वर वाफ्यांत तळाला थोडं पाणी होतं, कडेचं सिमेंट पांढरं पडू लागलं होतं. खाली आले. लाईट होती. मोटरचं बटण झोपडीच्या बाहेर लाकडी फळीवर होतं. मी त्याच्यासमोर उभी राहिले. किती वेळ? सांगता येणार नाही. शेळ्या ती शेजारच्या वस्तीत ठेवून गेली होती, झोपडीचं दार तारेनं बांधलेलं होतं, जिन्याखालच्या जागेवर सडा वाळला होता. हात वर केला की बटण. दुसरं काही करायचं नव्हतं.

मी बटण दाबलं नाही. घरी गेले आणि लेकींना पुरणपोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं होतं, स्लॅब थोडा सुकेल, मिस्तरी बघेल, ओरडेल, आणि बाईला काढायला मला कारण मिळेल. दोन-तीन दिवसांनी स्लॅबचं काय होतंय — असं मला वाटलं. आम्ही शेतातली माणसं. केळी तीन दिवस तहानली तरी चौथ्या दिवशी पाणी दिलं की मान वर काढते. स्लॅब तसा नसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं? सांगितलं होतं. पन्नास माणसांसमोर सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मिस्तरी आला. मी आणि नवरा तिथंच होतो, त्याचे चार-पाच गडीही. तो वर चढला. मग खाली बघून म्हणाला, "भाऊ, वर या." नवरा गेला. स्लॅब पांढरा झाला होता आणि वाळल्या तळ्याच्या तळासारख्या त्यावर भेगा. मिस्तरी त्या भेगांवरून तळहात फिरवत होता, मेलेल्या जनावरावरून फिरवतात तसा. म्हणाला, "तीन दिन एक बूंद नहीं पड़ा इसपे."

तेवढ्यात केवळबाई आली. झिपरू मागे. उन्हातून बसस्टँडपासून चालत आलेली, हातात फडक्याचं गाठोडं. माझ्याकडे आली आणि गाठोडं पुढे केलं. त्यात माहेरच्या सांजोऱ्या होत्या, माझ्यासाठी.

मी ते गाठोडं घेतलं नाही. मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही; सहा वर्षांचं साठलेलं होतं. तिनं गाठोडं छातीशी धरलं. मग म्हणाली, "अक्का, तुम्हीज सांगं व्हतं ना. पानी मी मारसू म्हणीसन."

झालं. इथं मला एकच शब्द बोलायचा होता. "हो." नवरा चार शब्द बोलला असता, मिस्तरीनं तोंड फिरवलं असतं, एवढंच. मी म्हटलं, "मी? माझ्या घरी सणाला दोन लेकी आलेल्या, आणि मी तुझ्या बदली शिडीवर चढून पाणी मारणार? कोणाला खरं वाटेल?"

गडी हसले. खरंच कोणाला वाटलं नसतं. ती माझ्या नवऱ्याकडे वळली, "भाऊ, तुम्ही तरी." नवरा खाली मान घालून म्हणाला, "केवळबाई, तू आहेस असंच मला घरात कळलं होतं." तो खोटं बोलला नाही. मीच त्याला तसं सांगून ठेवलं होतं.

झिपरूनं तिच्या कानशिलात मारली. सगळ्यांदेखत. "मालकिणले खोटं पाडस का?" गाठोडं खाली पडलं. तिनं ते उचललं, झटकलं, आणि झोपडीकडे गेली. रडली नाही. मला वाटतं ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. का, ते विचारू नका.

दुपारपर्यंत त्यांनी भांडी बांधली. शेळ्या घेऊन गेले. झोपडी मी संध्याकाळी मोडायला लावली, गिलक्याच्या वेलासकट. जिन्याखालच्या खोलीत पुढे एक शिंपी राहिला.

आता स्लॅबचं ऐका. पहिल्याच पावसाळ्यात चार नंबरच्या आणि सहा नंबरच्या खोलीत गळायला लागला. डांबर झालं, चुना झाला, वर पत्रेही टाकले. दरवर्षी गळला. मजला चढवायचं राहूनच गेलं. मिस्तरी म्हणाला, या स्लॅबवर भार नको. आणि प्रत्येक नव्या भाडेकरूला मी सांगायचे, "काय करणार, पाणी मारायला एक बाई ठेवली होती, कामचुकार निघाली." इतक्यांदा सांगितलं की पोरांना पाठ झालं. घरात कोणी काम टाळलं की म्हणायचे, "हे केवळबाईचं पाणी." थोरल्या सुनेला मी हे टोमण्यासारखं वापरलं, नातवंडांनी ते खेळात घेतलं. मी ते ऐकायचे. मला हसूही यायचं — होय, हसू. इतकं बोललं गेलं की कधी कधी मलाच ते खरं वाटे. खोटं बोलणाऱ्याला शिक्षा होते म्हणतात. मला झाली नाही. भाडी येत राहिली.

तिला काय झालं, ते मला रशीद मिस्तरीकडूनच कळलं. शहाण्णवच्या सुमाराला मी त्याला गच्ची दाखवायला बोलावलं होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, धुळ्याला असते, घमेली उचलते. झिपरूनं टाकलं तिला. पाणी मारायचं काम तिला कोणी देत नाही, मिस्तरी लोकांत नाव गेलं आहे. पाणी मारणं हे बांधकामावरचं हलकं काम, वय झालेल्या बाईला देतात. तिला ते बंद. मिस्तरी म्हणाला, "मैंने ही सबको बोला था, अक्का. आपका नुकसान देखा था ना."

माझी धाकटी लेक धुळ्याला दिलेली. दोन वर्षांनी तिच्याकडून परत येताना मी धुळ्याच्या बसस्टँडवर बसले होते. एक बाई समोर येऊन उभी राहिली. केस पांढरे, पातळाला सिमेंटचे डाग. मी ओळखलं, आणि ओळखलं नाही असं दाखवणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "अक्का, वळखं का?"

ती माझ्या बाकड्यावर बसली. जरा लांब, कडेला. मला वाटलं आता ही बोलणार, लोक जमवणार. मी तोंडात उत्तर तयार ठेवलं होतं. मला उत्तरं लवकर सुचतात.

तिनं विचारलं, "स्लॅब गळस का अजून?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं शे," ती म्हणाली. "माले घोर व्हता." मग पातळावरचा सिमेंटचा डाग नखानं खरवडू लागली. "तुमना घर लेकी येल व्हत्यात. तुम्ही कशा शिडीवर चढशात? माले समजाले पाहिजे व्हतं. मीज जावाले नको व्हतं, अक्का. बाप तं मरेलज व्हता."

माझीच वाक्यं होती ती. मी जे बोलले होते तेच तिनं इतकी वर्षं स्वतःला सांगितलं होतं, आणि मेलेल्या बापाची घागर भरायला गेल्याचा दोष स्वतःकडे घेतला होता. मी गेले होते शिडीवर. चढले होते. हे तिला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. जळगावची बस लागायला अजून अर्धा तास होता. आजूबाजूला आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं. नवरा तेव्हा वारलेला होता. मला कसलंही भय नव्हतं.

मी म्हटलं, "जाऊ दे. झालं ते झालं."

म्हणजे मी तिला माफ केलं.

ती उठली, वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.